जोड्या लावा

३ जून
मिळाली एकदाची नवी नोकरी! एका आजोबांना सांभाळायचं, राहायला स्वतंत्र खोली, खिडकीत ऊन. रुग्णालयातल्या पाळ्यांनी माझा पार भुगा केला होता; इथं निदान बसून चहा पिता येईल. महिनाअखेरीस बहीण माझ्या छकुलीला घेऊन येणार. लेकीला बजावलंय, लाल रिबीन बांधूनच ये.

६ जून
आजोबा दिवसभर टॅबवर ‘जोड्या लावा’ खेळतात. पानं उलटून एकसारखी दोन चित्रं शोधायची. त्यांच्या सूनबाई म्हणतात, त्यानं मेंदू तल्लख राहतो. गुण रोज चढतायत खरे, पण कंगवा हातात दिला की आजोबा नुसते त्याच्याकडे बघत बसतात. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

११ जून
दमून दमून माझंही डोकं चालेनासं झालंय. काल दूध उतू गेलं, आज दिवसभर किल्ली शोधली. सूनबाई म्हणाल्या, तुम्हीही खेळत जा. खेळले आणि चक्क आजोबांना हरवलं! एका पानावर त्यांचाच कंगवा होता, दात तुटलेला. हे फोटो कोण टाकतं विचारलं, तर सूनबाई म्हणाल्या, कुणीच नाही, त्यात साधी फळंफुलं असतात.

१७ जून
आज पानावर माझी किटली आली. निळी, टवका उडालेली. गुण भरपूर मिळाले. मग चहाला उठले, तर ओट्यावरच्या त्या निळ्या वस्तूचं काय करतात तेच आठवेना. सूनबाई कौतुकानं म्हणाल्या, तुमची स्मरणशक्ती भलतीच सुधारली हो. मला रडू आलं.

२२ जून
आजोबांना विचारलं, खेळ सोडत का नाही. म्हणाले, तिथं ही भेटते. ही म्हणजे त्यांची बायको. भिंतीवर तिचा फोटो आहे. तो ओळखत नाहीत.

२५ जून
आज पानावर लाल रिबीन, माझ्या छकुलीची. टॅब कपाटात कोंडला. काय हवं ते घ्या, पण तिला तरी सोडा—

२७ जून
टॅब परत आजोबांच्या मांडीवर. कुणी काढला? रिबिनीचं कोण होतं, कोण— आत दिसेल. एकच डाव. फक्त बघायचं—

३० जून
दारात एक मुलगी. केसांत काहीतरी लाल. मला बिलगून रडतेय. सोबतची बाई म्हणते, ताई, अगं तुझी छकुली.
आजोबांनी टॅब पुढं केला. पानावर हाच चेहरा. जोडी मला पाठ आहे, वरची ओळ, डावीकडून दुसरं— लागली! शंभर गुण.
पण ही जी रडतेय, हिला—