वान्नीच्या नावाची चावी

३ जून
मावशीच्या गावी, पोर्तोसाल्सोला पोचले. नीन्फा मावशीने स्टेशनवरच असं कवटाळलं की हातातली बॅग खाली पडली. घरी सार्डिन मासे आणि रानबडीशेप घातलेला पास्ता. दोनदा वाढून घेतला, तरी म्हणालीच, त्या तूरिन शहराने माझ्या सारिनाला पार वाळवून टाकलं. उद्यापासून गावच्या पाणीकचेरीत नोकरी. माझ्या खोलीतून समुद्र दिसतो. इतकं मोकळं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

४ जून
काम सोपं आहे. गावातल्या नळांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये आहेत. तक्ते नाहीत, रकाने नाहीत. प्रत्येक घरमालकाच्या नावाची एक चावी आणि तिच्यापुढे एक किंमत, चालू किंवा बंद. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. 'सेट' म्हटलं की नोंद होते, 'गेट' म्हटलं की वाचता येते, 'डेल' म्हटलं की पुसली जाते. 'एक्स्पायर'ने मुदत घालता येते. मुदत सरली की चावी आपोआप नाहीशी. जुन्या चावीवर नवीन लिहिलं तर आधीचं जातं. शेजारच्या टेबलावरच्या लिबोरिओने हे सगळं माझ्याकडे न बघताच सांगितलं.

साहेब मात्र नीट बघत होते. पेल्लेग्रीनो त्यांचं नाव. सगळ्यांसमोर म्हणाले, "तूरिनच्या बाईसाहेब, इथे विचारायचं नसतं. सांगितलं तेवढं टाइप करायचं." सगळे हसले. मीही हसले.

७ जून
आज वान्नी नावाचा म्हातारा कोळी कचेरीत आला आणि भांडला. त्याची गच्चीवरची टाकी कोरडी ठणठणीत, आणि साहेबांच्या लिंबांच्या बागेला मात्र रोज पाणी, असं सगळ्यांच्या तोंडावर बोलला. जाताना माझ्यापाशी थांबला. तू नीन्फाची भाची ना, म्हणाला, तिच्या लग्नात नाचून नाचून मी चप्पल तोडली होती.

तो गेल्यावर साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पूस त्याला."

नोंद पूस, असंच म्हणायचं असेल. मी डेल टाइप केलं, पुढे वान्नीचं नाव. पडद्यावर १ उमटला. म्हणजे एक चावी गेली.

८ जून
वान्नीचा नळ परत कधी जोडायचा, असं लिबोरिओला विचारलं. कोण वान्नी, म्हणाला. साहेबांना घाबरत असेल असं वाटलं. पण मावशीही तेच म्हणाली. बराच वेळ आठवून बघितलं बिचारीने. या गल्लीत कोळी कधी नव्हताच ग, म्हणाली.

त्याच्या घरी गेले. दार उघडं. फळीवर टोमॅटो वाळत घातलेले. शेगडीवर कॉफी करपून काळी झालेली. शेजारीण म्हणाली, हे घर वर्षानुवर्षं रिकामं आहे, आणि तू आमच्या गल्लीत नाक खुपसू नकोस. माझ्या तोंडावर खिडकी आपटली.

१० जून
सगळे कॉफीला गेल्यावर पटकन टाइप केलं. सेट, वान्नी, चालू. 'ओके' असं उत्तर आलं. दुपारच्या सुट्टीत धावतच गेले. तो दारात खुर्चीवर बसला होता! मला रडूच फुटलं. कसे आहात काका, विचारलं.

"चालू."

कुठे गेला होतात?

"चालू."

माशी त्याच्या डोळ्यावर बसली. डोळा मिटला नाही.

११ जून
मी लिहिलं तेवढाच तो परत आला. म्हणून आज जास्त लिहिलं. कोळी. म्हातारा. मावशीच्या लग्नात नाचला, चप्पल तुटली. याहून मला काय माहीत होतं त्याच्याबद्दल?

आता तो नाचतो आहे. भर उन्हात, एका पायात चप्पल. थांबत नाही. टाच फाटून रक्त येतंय. कोळी म्हणतो, म्हातारा म्हणतो, पुन्हा कोळी. लोक दाराआडून दगड मारतात — त्याला, आणि मी धरायला गेले तर मलाही.

१२ जून
डेल. मीच. आज कोणी सांगितलं नव्हतं. पण तो नाचतच होता —

मग स्वतःचं नाव घातलं. टीटीएल विचारलं, म्हणजे मुदत किती उरली ते. उत्तरात सेकंदांचा आकडा आला. पुन्हा विचारलं. कमी झाला होता. मुदत काढून टाकायला 'परसिस्ट' टाइप केलं. उत्तर आलं — परवानगी नाही.

साहेब दारातच होते. "नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मुदत घालतो, पोरी. नीट वागलं तर वाढवतो." लिबोरिओने माझी खुर्ची उचलून बाहेर ठेवली. कोणी मान वर केली नाही.

१३ जून
मावशीला सांगितलं. ऊन लागलंय, म्हणाली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. समजलं तरी काय उपयोग — तीही विसरेल.

वस्तू राहतात. टोमॅटो राहिले, कॉफी राहिली. वहीही राहील. ज्याला सापडेल त्याने — सेट, सारिना, आणि पुढे हे सगळं. थोडकं लिहू नका. हात जोडते.

डावखुरी. हसताना तोंडावर हात धरते. पण कधी कधीच, नेहमी नाही, हे लिहा. चिडले की भांडी घासते, मग विसरते. आईचा आवाज घोगरा होता. पोहता येतं. मावशी तिकडे हाक मारतेय, नावाने, अजून नावाने — मावशीवर माझा जीव आहे, हे आधी लिहा. भीती वाटते हे नको. आणि रडते असं मुळीच लिहू नका, नाहीतर मी