खोली गावाची, नाव माझं

मी, मृणालिनी स्वरूप घाडी, वय अठ्ठेचाळीस, व्यवसाय नाटकांचे पोशाख शिवणे, राहणार ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाविना लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. तरी मी काळजी करून ठेवते. माझी मुलगी नूपुर याला माझा स्वभाव म्हणते.

१. ठाकूरद्वारची राहती जागा मला माझ्या आईकडून आली. ती, त्यातलं सामान, दागिने आणि बँकेतली शिल्लक नूपुरला मिळावी.

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि जरीच्या कापडांची पेटी माझी मदतनीस प्रिती हिला. नऊवारी शिवण्यात ती माझ्यापुढे गेली आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणते.

३. आता लालबागची सदनिका. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

माझे दिवंगत पती स्वरूप देवगड तालुक्यातल्या कातळवाडीचे. देवळाच्या जत्रेत दरवर्षी त्यांनी लिहिलेलं नाटक व्हायचं. शेवटच्या नाटकात त्यांनी एका विधवेला पालखीला खांदा द्यायला लावला. गावचे मानकरी धोंडूकाका घाडी यांनी ऐन अंकात जनरेटर बंद करवला. सकाळी स्वरूप पिशवी घेऊन मुंबईच्या एसटीत बसले. इथे नाटकात काम मिळेल असं त्यांना वाटत होतं. मिळालं ते प्रॉम्प्टरचं, आणि पुढे मालिकांचे संवाद लिहिण्याचं, तेही नावाशिवाय.

उतरले ते लालबागच्या चाळीत, गावाच्या खोलीत. कातळवाडीकरांनी वर्गणी काढून घेतलेली ही खोली. गावचा कुणीही पुरुष कामाला आला की वळकटी पसरण्यापुरती जागा, ट्रंकेला कोपरा आणि शर्ट टांगायला खिळा त्याला मिळे. गावाशी भांडून आलेल्यालाही मिळाला. हे गावाचं मोठेपण मी मुद्दाम लिहून ठेवते.

गणपतीत अख्खी खोली गावाला जाई. स्वरूप एकटे मागे राहत. गावी ते पुन्हा गेलेच नाहीत. अशाच एका गणपतीत घरमालकाचा माणूस नव्या भाडेपावत्या करायला आला. पावतीवर एक नाव हवं होतं आणि समोर स्वरूप होते. परतल्यावर मंडळी म्हणाली, "असूं दे रे, बदलूक कोण धावतलो?" ज्याला गावात थारा उरला नव्हता त्याच्या नावावर गावाची खोली झाली, ती अशी.

खोलीत बाईने मुक्काम करायचा नाही, हा नियम. म्हणून लग्नानंतर स्वरूपच माझ्या आईकडे राहायला आले. पुढे चाळ पडली, टॉवर उभा राहिला, पावतीवरच्या नावाने खोलीच्या बदल्यात ही सदनिका मिळाली; मुक्कामाला गावचे पुरुषच राहिले. मग स्वरूप गेले. नूपुरने आपला हक्क सोडला आणि जिथे मी एक रात्रही झोपले नाही ती जागा माझी एकटीची झाली.

धाकटे दीर हितेंद्रभावोजी म्हणतात, "वहिनी, कागद तुमच्या बाजूने आहे. गाव काय करणार, मोर्चा काढणार?" त्यांना स्वरूपचं मनगटी घड्याळ द्यावं. सदनिकेत त्यांचा काही संबंध नाही.

गेल्या महिन्यात धोंडूकाका आले. काठी टेकत जिने चढले. समोरचा चहा निवून गेला.

"सूनबाई, खोली गावाची."

"नाव माझं आहे, काका."

"म्हायत आसा. म्हणान तर इलंय."

"तुमची प्राची कुठे राहते, विचारलंत कधी?"

प्राची त्यांची नात. परळच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून लागली आहे. आजोबांच्याच नियमामुळे खोलीने तिला घेतलं नाही, म्हणून माझ्या बाहेरच्या खोलीत झोपते. ती तेव्हाच दारात चपला काढत होती.

"आजोबा, माका खिळो नको. कपाट व्हया!"

काका हसले नाहीत. "बायकांनी थय रवाचा, असा कधी झाला नाय."

"विधवेने पालखीला खांदा द्यायचा, असंही कधी झालं नव्हतं," मी म्हटलं. ते काठी घेऊन उठून गेले. म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं, असं मला रात्रभर वाटलं. तरी शब्द मागे घेत नाही.

तर, ही सदनिका कातळवाडी ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या नोंदणीकृत न्यासाला मिळावी. अट एकच: कामासाठी आलेल्या गावच्या मुलीबाळींना तिथे पुरुषांइतकाच मुक्कामाचा हक्क असावा. आतली खोली त्यांची, आणि पहिली राहणारी प्राची. मंडळाने सहा महिन्यांत लेखी मान्यता दिली नाही तर सदनिका नूपुरची. नूपुर मला म्हणाली, "आई, ते नाही म्हणोत असा नवस बोलू का?" ती थट्टा होती. थोडी नव्हतीही. तरी तिने अट वाचून मान डोलावली, याची मला जाणीव आहे.

४. स्वरूपची नाटकं ज्याला करायची त्याला करू द्यावीत. परवानगीसाठी कुणाला दारात तिष्ठत ठेवू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण सीमा पाठारे हिने करावी. साक्षीसाठी आज धोंडूकाकांना बोलावलं आहे. न आल्यास शेजारच्या मंजुळाताई सही करतील.

ठिकाण: ठाकूरद्वार, मुंबई
दिनांक: १२ मे २०२५

(सही) मृणालिनी स्वरूप घाडी

आमच्यासमक्ष सही केली:

१. डॉ. वैभव कोलगे, गिरगाव (सही)

२. धोंडू बाबाजी घाडी, मु. पो. कातळवाडी (सही)
खाली स्वहस्ते: मजकूर सगळो वाचलंय. प्राची थय रवतली.