पडवीतलं पान

२ ऑगस्ट १९५७, रिहे
बुळकांडीच, ढोरांची मरी! पौडहून ढोरांचे डॉक्टर आले. हैबतराव पाटलांच्या बैलाचं तोंड उघडून बघितलं आणि मान हलवली. लस टोचायला माणसं हवीत म्हणाले. मी हात वर केला. भात लावून झालंय, घरात काम तरी काय?

३ ऑगस्ट
दिवसभर जनावरं धरली. पहिली म्हैस गावाबाहेरच्या वस्तीतल्या भिकूनं आणली. बाकीचे लांबून बघत होते – ती मरते की जगते!

४ ऑगस्ट
पाटलांचा बैल गेला. ओढ्याकाठीच पडला. पाटलांनी भिकूला निरोप धाडला, ओढून ने म्हणून. गेल्या दसऱ्यापासून त्याच्या वस्तीनं मेलेलं ढोर ओढणं सोडलंय, हे साऱ्या गावाला ठाऊक. तरी निरोप! भिकू आला. पूर्वीसारखा लांब उभा राहिला नाही. "आमी सोडलं ते. तुमची ढोरं, तुमी वडा."
कुणी पुढं होईना. डॉक्टर म्हणाले, पाण्यात रोग उतरेल, आजच पुरा. मग मीच दोर घेतला.

५ ऑगस्ट
आईनं माझं पान पडवीत मांडलं. पाणी वरून ओतलं. पोटच्या पोराला! जेवलो.

८ ऑगस्ट
ओढायचं, पुरायचं, चुना टाकायचा. आता कुणाचं ढोर आहे तेही बघत नाही.
ओढ्यावर भिकू भेटला. म्हणाला, "वास जात न्हाई न्हवं? मातीनं घास." हसला नाही. त्याच्या बापानं जन्मभर हेच केलं. मी कधी विचारसुद्धा केला नव्हता.

९ ऑगस्ट
आमची एकच कालवड, तांबू. आईनं हातानं दूध पाजून वाढवलेली. डॉक्टर लस घेऊन दारात आले, तर आई गोठ्याच्या तोंडाशी आडवी! "मेल्याला शिवल्यालं हात माज्या तांबूला लावायचं न्हाईत."
माझे हात फिनेलनं धुतलेत, डॉक्टरांनी सांगितलं.
"इटाळ फिनेलनं जातो व्हय?"
डॉक्टर पुढच्या घरी गेले. मला राग यायला हवा होता. झोप आली.

१३ ऑगस्ट
तांबू खात नाही. नाकाडोळ्यांतून पाणी. आता लस देऊन उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. आई तिच्या तोंडाशी गूळ धरून बसलीय. मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो. आईनं ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन. माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.

१७ ऑगस्ट
खालच्या वाडीत खड्डे खणून दुपारी घरी आलो. गोठा रिकामा. चिखलात घसटल्याची खूण, अंगणापर्यंत. तिथं तांबू पडलेली आणि आई दोर धरून उभी. पदर चिखलानं भरलेला. मला निरोपही धाडला नव्हता.
म्हणाली, "येकटीनं वडवंना. धर."
दोघांनी ओढली. चुना तिनंच टाकला. मला रडू आलं नाही. त्याचंच वाईट वाटतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सकाळचीच भाकरी. पान पडवीतच – पण दोन! आईनं पाणी वरून ओतलं नाही. तांब्या माझ्या हातात दिला.