वाढदिवसाचं बोलावणं

आई, तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी सातासमुद्रापलीकडे येऊन पडले, तरी माझं कुठलंही काम तुझ्या हळदीकुंकवावाचून पार पडत नाही, याचा राग काढायचा तरी कुणावर? पार्सिपनी नावाच्या अमेरिकन गावातल्या या घरात आत्ता मी एकटी आहे. नवरा ऑफिसला गेला आहे, लेक शाळेत. मी सुट्टी घेतली आहे ती घरोघरी जाऊन बोलावणी करायला, आणि ते सोडून चहा गार करत तुझ्याशी भांडते आहे.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यामागची आपली क्वार्टर्स आठवतात. तुम्हा नर्सेसच्या युनियनची मीटिंग म्हटलं की कुणाचा नवरा नको म्हणायचा, कुणाच्या सासूच्या कपाळावर आठी पडायची. हळदीकुंकवाला मात्र कोण अडवणार? म्हणून तुझं हळदीकुंकू बारमाही. संक्रांत ते रथसप्तमी पुरेना झाली की चैत्रगौर, ती संपली की श्रावण, आणि श्रावणही संपला की तुला काहीतरी निमित्त सुचायचंच. बायका यायच्या, अत्तर लावून घ्यायच्या, आणि कपबश्या फिरायला लागल्या की तू पदर खोचून विषय काढायचीस, की रात्रपाळीच्या खोलीला आतून कडी नाही, ती मागायची की नाही? दवाखान्यात काम करणाऱ्या विधवा आयांनाही तू बोलवायचीस. आजी उठून आतल्या खोलीत जायची आणि तू तिच्याही हातावर तिळगूळ नेऊन ठेवायचीस. मला या सगळ्याचा कंटाळा होता. मांडायचं ते सरळ मांडावं, त्याला कुंकू कशाला लावायचं, असं मला वाटायचं. कॉलेजच्या हॉस्टेलला पाणी येत नव्हतं तेव्हा मी बोर्डावर सुवाच्य अक्षरात सभेची सूचना लावली, आणि सभेला मीच एकटी. घरी येऊन लोकांच्या नावानं बोटं मोडत होते. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुला माणसं बोलावता येत नाहीत. तुला नुसतं कळवता येतं." ते वाक्य मला अजून झोंबतं.

तर ऐक. इथे मी एका नर्सिंग होममध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. तिथल्या निम्म्या नर्सेस फिलिपिन्सच्या. त्यातली एक माझी मैत्रीण, कामाला वाघ, पण आतलं काही बाहेर काढणार नाही. २००३ साली ती सगळ्यांना सांगत होती की नवरा आजारी आईला भेटायला गावी गेलाय. मग एक दिवस ब्रेकमध्ये तिनं माझ्यासमोर चिकनचा डबा ठेवला. मी चिकनला शिवत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ठेवला. म्हणाली, "मॅम, तुम्ही खा. त्यांनी आत घेऊ दिला नाही." आत म्हणजे काउंटीच्या, आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, तुरुंगात. नवरा पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता. जहाज इथे लागलं, तो उतरला आणि परत चढलाच नाही. इथेच लग्न केलं, मुलगी झाली, एका हॉटेलच्या किचनमध्ये राबत राहिला. परवानगीशिवाय उतरला, आणखी काय गुन्हा? दोन हजार एकच्या हल्ल्यांनंतर सरकारनं असली माणसं वेचून काढायला सुरुवात केली, तसं कामावर निघताना दारातच याला धरलं. आता जामीन मिळाला तर घरी, नाही तर तिथूनच थेट विमानात.

त्याची वकील एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, कोर्टात माणसं दिसली पाहिजेत. हा पळून जाणार नाही, याला इथे घर आहे, गोत आहे, हे जजला डोळ्यांनी दिसू दे. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? नवरा घरात करवादला, "आपलंच ग्रीन कार्ड पेंडिंग आहे यार, तू कशाला मध्ये पडतेस?" मी ऐकते होय. झकास पत्रक छापलं. वर ठळक अक्षरात अटक, तुरुंग, देशाबाहेर हकालपट्टी वगैरे सगळं, आणि खाली सभेची तारीख नि लायब्ररीच्या हॉलचा पत्ता. ते फिलिपिनो वाणसामानाच्या दुकानात लावलं. आपल्या इथल्या मराठी मंडळालाही ईमेल पाठवली. हॉलमध्ये त्या दिवशी मी, वकील, माझी मैत्रीण आणि त्यांच्या चर्चमधल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे आंटी म्हणतात. बाकी खुर्च्या. पत्रक बघून गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरायला लागली म्हणून दुकानदारानं ते केव्हाच काढून टाकलं होतं. ज्यांच्याकडे इथे राहायचे कागद नाहीत त्यांना वाटलं, तिथे गेलं की सरकारी माणूस उभा असणार. ज्यांनी 'येस मॅम, नक्की' म्हटलं होतं त्यांचं नक्की म्हणजे समोरच्याचं मन मोडू नये म्हणून. आणि आपली मंडळी? एकजण 'बघतो', दुसरा 'जमवतो'. आपलं बघतो म्हणजे काय ते तुला सांगायला नको. एका काकांनी तर मला पार्किंग लॉटमध्ये थांबवून समजावलं की आपण लीगल आलोय, आपला या लोकांशी संबंध काय. मी घरी येऊन भांडी आपटली.

आंटी मात्र शांत. त्यांनी एवढंच विचारलं, की याचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात ना? मग करू या. माझं डोकंच फिरलं. माणूस तुरुंगात सडतोय आणि यांना केक कापायचाय! पण केला. बोलावणी आंटी आणि माझी मैत्रीण स्वतः घरोघरी जाऊन करून आल्या. शनिवारी त्या चार खोल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. शेवयांसारख्या नूडल्सचे ट्रे, वाढदिवसाला त्या खायच्याच, आयुष्य लांबतं म्हणे. डुकराच्या मटणाच्या तळलेल्या गुंडाळ्या, आणि माझ्यासाठी बिचारीनं वेगळ्या केलेल्या नुसत्या कोबीच्या. त्यात ते कराओकेचं यंत्र! एकेक जण माइक धरून प्रेमगीतं गातोय, वकील मुलीलासुद्धा गायला लावलं. मी घड्याळाकडे बघत कोपऱ्यात धुसफुसत उभी होते. एक गाणं संपलं तसा माझ्या मैत्रिणीनं माइक घेतला. जी बाई नवरा गावी गेलाय म्हणून सांगत होती, ती सगळ्यांसमोर तो कुठे आहे ते बोलली. मग म्हणाली, "सोमवारी कोर्टात या. चर्चला येता तसे कपडे घालून या. बोलता आलं नाही तर नुसते बसा." जाताना प्रत्येकाच्या हातात फॉइलमध्ये बांधलेलं जेवण होतं, त्यांच्यात पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. त्या फॉइलखाली आंटींनी वकिलाचं कार्ड सरकवलेलं होतं. मी बघत राहिले. आई, तू वाण लुटायचीस तेव्हा साबणाच्या वडीबरोबर युनियनचा कागद असायचा, हे अगदी तसंच.

सोमवारी कोर्टातली बाकं भरली. कागद असलेले आत आले, नसलेल्यांनी बाहेर रस्त्यापलीकडे गाड्यांत बसून मुलं सांभाळली. शेवटच्या बाकावर माझा नवरा, ऑफिसचा बॅज खिशात कोंबून. मला बोलला नव्हता येतो म्हणून. जजनं चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं आणि जामीन दिला. तो घरी आला. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय. मग तारीख पे तारीख. जहाजावरून उतरलेल्यांना इथल्या कायद्यात दारंच फार थोडी, आणि ती सगळी एकेक करून ठोठावून झाली. मधल्या वर्षांत आणखी कितीतरी घरांतून माणसं उचलली गेली, आणि दर वेळी कुणाचं तरी बारसं, कुणाच्या तरी नावाच्या संताचा सण, त्याच नूडल्स, तीच गाणी. काही सुटले, काही गेले. आता या वर्षी याचंही शेवटचं अपील फेटाळलं. महिनाअखेर त्यानं निघायचं आहे. मुलगी दहा वर्षांची आहे, ती आईबरोबर इथेच राहणार. त्यांच्या घरी मी कायद्याला, सरकारला, सगळ्यांना शिव्या घालत होते, तर माझी मैत्रीण म्हणते, "मॅम, शनिवारी त्याचा वाढदिवस आहे. तेव्हा तो आत होता, या वेळी स्वतः असेल. तुमच्या लोकांनाही बोलवा ना, त्याला भरलेलं घर आवडतं." मी चिडून विचारलं, आता कशाला? आता काय मिळवायचं राहिलंय? ती नुसती हसली आणि शनिवारसाठी नूडल्सची पाकिटं मोजायला गेली.

आणि तिथे उभ्या उभ्या तू आठवलीस. संप फुटला, तुझी बदली गडचिरोलीला झाली, सामान बांधलेलं, आणि तू मला हळदीकुंकवाची बोलावणी करायला पिटाळलंस. मी पाय आपटत विचारलं होतं की हरलात ना, आता काय मागणार आहात? तू ट्रंकेला कुलूप लावत होतीस. म्हणालीस, "आज काही मागायचं नाही. आज नुसतं 'या' म्हणायचं." मला तेव्हा ते मूर्खपणाचं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आजही अर्धं तसंच वाटतं. एवढं करून माणूस जातोच आहे ना.

तरी जाते आहे. काल पहिली तीन घरं केली. एका काकूंनी दार अर्धंच उघडलं, मग आत घेतलं, आणि मी निघताना त्यांनीच विचारलं की शिरा करून आणला तर चालेल का त्या घरच्यांना. पार्किंग लॉटवाल्या काकांकडे आज जायचं आहे. 'बघतो' म्हणाले तर मी उठणार नाहीये, सांगून ठेवते.

हा कागद कुठे धाडायचा नाही. ओट्याच्या ड्रॉवरमध्ये तुझ्या कुंकवाच्या करंड्याखाली ठेवते आहे. पत्र म्हणजे नुसतं कळवणंच, असं तूच म्हणशील. आणि खरंच, मला तुला काही कळवायचं नव्हतं गं. शनिवारी तू ये, एवढंच म्हणायचं होतं.