वर्षातली उत्तम श्रद्धांजली

केटा,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय एफो सेन्यो,

तुला, वहिनीला आणि मुलांना नमस्कार. अक्रात सगळं ठीक असेल, बँकेतली तुझी बढती झाली असेल, मुलांचे खोकले थांबले असतील, असं समजते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी आणि आईच्या कोंबड्या. उत्तरेचा कोरडा वारा सुरू झालाय, ओठ फुटतात, खाडीचं पाणी मागे गेलंय. शाळेत पेपर तपासायचं काम चालू आहे.

थोरल्या भावाला पत्र लिहिताना आधी चौकशी करावी, मग बातमी सांगावी आणि मग कुरबुर, असं आईने शिकवलंय. चौकशी झाली. आता बातमी. तुझं अभिनंदन. आईच्या अंत्यविधीच्या पुस्तिकेतली तुझी श्रद्धांजली आमच्या लेखक मंडळाने वर्षातली उत्तम म्हणून निवडली. बक्षिसाचं हातमागाचं कापड डॉग्बे सरांकडे आहे. मी आणलं नाही.

आमचं मंडळ तुला माहीतच आहे, तू त्याला ‘मयताचे कवी’ म्हणतोस. दर शनिवारी माझ्याच वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसतो. निवृत्त हेडमास्तर डॉग्बे सर अध्यक्ष. औषधांच्या दुकानातली काफुई चिटणीस. इथे पुस्तकं कोण विकत घेतं? पण मयताला गेलं की चकचकीत रंगीत पुस्तिका हातात पडते. मुलांची श्रद्धांजली, सुनांची, चर्चची, गल्लीची. काफुईकडे त्यांची कपाटं भरली आहेत. आम्ही त्या वाचतो, चांगल्या वाक्यांखाली लाल रेघ मारतो, ‘महावृक्ष कोसळला’ आला की हसतो, आणि पुढच्या महिन्यात कुणी लिहून मागितलं की पुन्हा महावृक्षच कोसळवतो. मीही. तुझ्या शेजारच्या पानावरची माझी श्रद्धांजली वाच, त्यात दोन महावृक्ष आहेत. त्या आठवड्यात माझ्या अंगात पेन धरायचं त्राण नव्हतं, सरांनी लिहून दिलं आणि मी खाली नाव घातलं.

तू पुस्तिका अक्रात छापून घेतल्यास आणि विधीच्या दिवशी सकाळी गाडीतून खोकी उतरवलीस. चर्चमध्ये काळा चष्मा लावून तू वाचत होतास तेव्हा मी मागच्या अंगणात होते, जेवणाच्या डेगांपाशी. कर्ण्यातून तुझा आवाज येत होता. ‘आई इतकी हलकी झाली होती, की चादर बदलताना चादरीबरोबर उचलली जायची. पेज भरवताना मी आ केला की ती आ करायची.’ आणि एफो, शप्पथ सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की किती छान लिहिलंय! डाव हातात घेऊन मी रडले. ते माझंच बोलणं होतं हे कळायला मला आक्प्लेच्या उकडीचं अख्खं भांडं वाढून संपावं लागलं.

दोन वर्षं मी शाळेतून आले की आईचं सगळं आवरायची आणि तुला फोनवर आवाज पाठवायची. लिहायला हात उठत नव्हता, म्हणून बोलायची. आज तिने काय खाल्लं, पाठीची जखम कशी आहे, कुणाला ओळखलं, कुणाला नाही. तू कधीतरी अंगठा पाठवायचास. त्या बोलण्यात मी लेखिका वगैरे नव्हते. मला फक्त तू यायला हवा होतास.

तू आला नाहीस, हे केट्यात कुणाला माहीत नाही? बसमधून कोण उतरलं हे इथे खाडीतल्या बगळ्यांनाही कळतं. मी निवडीच्या दिवशी काफुईला म्हटलं, “अगं, तो दोन वर्षांत एकदाही आला नव्हता.” तर ती म्हणते, “ते राहू दे गं सेफा. मजकूर बघायचा, माणूस कशाला बघायचा?” मला तिथेच शिसारी आली. आणि ही बाई लोकांना औषधं देते.

काल बक्षिसाची बैठक होती. तू कळवलंस, ‘हिशेबतपासणी आहे, कापड तू घे, वाचूनही तूच दाखव.’ मी वाचायला उभी राहिले. कशी राहिले कोण जाणे. पेजेपर्यंत आले तर डॉग्बे सरांनी हात वर केला.

“थांब, थांब. पुन्हा वाच तेवढं. सेफाकोर, ऐक जरा काय वाचतेस ते! याला लिहिणं म्हणतात. तुझ्या त्या नायिका तीन-तीन पानं रडतात, पण एकीचंही नाक गळत नाही. भावाकडून शीक काहीतरी.”

सगळे हसले. मीही हसले, सवयीने. मग पुस्तिका बाकावर ठेवली, फोन काढला आणि पेजेच्या दिवशीचा आवाज लावला. माझा आवाज, दमलेला, मधेच भांडं ठेवल्याचा आवाज. शब्दाला शब्द तेच. सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी बंद करणारच होते, पण पुढे आईचं बोलणं आहे हे मी विसरून गेले होते. ते वर्गात घुमलं.

“कोण, सेन्यो का? येतोय का तो?”

“हो आई, शनिवारी.”

“मग मासे आणून ठेव. काटे काढून दे त्याला, त्याच्या घशात अडकतात.”

काफुई तोंडाला कापड लावून रडायला लागली. तिच्याबद्दल जरा बरं वाटणार, एवढ्यात डॉग्बे सरांनी खिशातून पेन काढलं आणि पुस्तिकेच्या मागे लिहायला लागले. “काटे काढून दे... काय वाक्य आहे! हे त्याने का गाळलं? शेवट इथेच करायला हवा होता.”

मी फोन बंद केला. बाहेर व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभी राहिले. आणि एफो, सगळ्यात घाण गोष्ट ही, की सर बोलायच्या क्षणभर आधी माझ्याही मनात तेच आलं होतं. आईचा आवाज ऐकता ऐकता मीही शेवट जुळवत होते. म्हणजे मी त्यांच्यातलीच. मंडळात आता मी जाणार नाही. शाळेची चावी त्यांना दिली आहे, कपाटंही त्यांचीच.

मी आत परत आले तर सर तोडगा घेऊन तयार. “कापड दोघा भावंडांत अर्धं अर्धं करू या.” कात्री कुणाकडे आहे, हेसुद्धा विचारून झालं होतं. मी निघाले.

आता कुरबुर. ती मी पत्रभर टाळत आले. वाक्यं घेतलीस, घे. मला त्यांची किंमतच कळली नव्हती, हे सर म्हणतात ते खरंच आहे. पण ती कागदावर उतरवायची म्हणजे फोन थांबवावा लागतो, मागे न्यावा लागतो, पुन्हा लावावा लागतो. म्हणजे ‘येतोय का तो?’ तू एकदाच ऐकलं नाहीस. ऐकलंस, मागे नेलंस, पुन्हा ऐकलंस, आणि ते सोडून बाकीचं लिहून घेतलंस.

विधीच्या दिवशी वहिनी पाहुण्यांना कौतुकाने सांगत होती, “ईस्टरपासून लिहीत होते हे, किती कष्ट घेतले!” मी ताटं उचलत होते, पण ऐकलं. आई जुलैत गेली, एफो. ईस्टरला ती उशीला टेकून बसत होती. दारात गाडी थांबली की मान वळवत होती. आणि तू तिकडे टेबलाशी बसून ‘होती’, ‘जायची’, ‘करायची’ लिहीत होतास.

तेवढ्या वेळात तू येऊन परत गेला असतास. मासे मी आणले असते.

उत्तर लिहू नकोस. तू फार छान लिहितोस.

सेफाकोर