माझ्या हातचं जेवण

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

स्वेटर आणि जपमाळ पोचली. वस्तूंपेक्षा टपालालाच जास्त पैसे घातलेस, पुन्हा असा उधळेपणा करू नकोस.

मी ठणठणीत आहे आणि तीच पंचाईत झाली आहे. सूनबाईच्या तयार जेवणाच्या डब्यांमुळे दोन गिऱ्हाइकांना विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, झाला. प्रयोगशाळेने डब्यातल्या जंतूंची जनुकं तपासली, मग डबे भरणाऱ्या आम्हा सगळ्यांची तपासणी केली. ते जंतू माझ्याच पोटातल्यांचे सख्खे भाऊबंद निघाले! मला त्रास काहीच नाही, पण म्हणे वर्षानुवर्षं माझ्याकडे मुक्कामाला असतील.

दोघंही बरे झाले, देवाची कृपा. माझं औषध चालू आहे. तपासणी स्वच्छ येईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, आणि तोवर मुलगा मला इथून माझ्या घरी परत पाठवत नाही. सूनबाई खोलीत ताट आणून देते. "आई, आता बसा की आयतं खात!" म्हणते. नैवेद्यही तीच करते, मी लांबून हात जोडते.

एक विचारते. त्या सुट्टीत माझ्याकडून परतल्यावर तुझा थोरला महिनाभर तापाने अंथरुणाला खिळला होता. मीच त्याला आग्रह करकरून वाढलं होतं. तू म्हणालीस, पाणी बाधलं. तेव्हा माझ्या चुकीवर पांघरूण घालत होतीस का? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खरं काय ते उलट टपाली कळव.

तुझी,
ताई