गॅलरीतली तुळस

३० नोव्हेंबर ८६, रविवार

ठरलं! माझ्या लग्नाच्या सकाळी घरात कोणी ओरडणार नाही. कोणी धावणार नाही. आईने तर कपसुद्धा विसळायचा नाही. आज जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. बाबांनी मान हलवली, पण आमटी वाढली तरी ते तशीच हलवतात. ताई माहेरी आलेली, ती म्हणाली, "प्रेमा, लग्न आहे का ऑपरेशन?"

हसू दे. तिच्याच लग्नामुळे तर मला हे सुचलं. ब्याऐंशी साल, बाबांची गिरणी संपात बंद, म्हणून आईने एकटीने सगळ्या पाहुण्यांचा चहा-नाश्ता केला. त्यात नळ गेला. गॅस संपला. कपाटाची किल्ली हरवली — तासाभराने बाबांच्याच खिशात सापडली! आई ओल्या पदराने हॉलवर पोचली आणि मंगलाष्टकं सुरू होतात तोच मामीने तिला मागच्या दाराने तुळशीकडे पिटाळलं. आमच्यात मुलीचं लग्न लागताना आईने बघायचं नसतं, तुळशीला पाणी घालायचं असतं. ती तुळस मागच्या अंगणात, आचाऱ्यांच्या चुलाण्यापाशी. आई आत आली तेव्हा पहिली पंगत बसली होती. थोरल्या लेकीचं लग्न, आणि तिने काही म्हणजे काही पाहिलं नाही.

माझं तिने बघायचंच.

२ डिसेंबर, मंगळवार

आईशी बोलले. शांत सकाळ म्हटल्यावर हसली. पण "मंगलाष्टकांच्या वेळी तू समोर हवीस" म्हटल्यावर परातीतली भाकरी थापता थापता थांबली.

"आवशीन बघूचा नसता गो. दृष्ट लागता." आणि पुन्हा थापायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या नाही!

५ डिसेंबर, शुक्रवार

साकीनाक्याच्या ऑफिसात दिवसभर टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांचा आरडाओरडा ऐकायचा — लाइन कापली, आवाज येत नाही, साहेब कुठे गेले. मी मात्र गोड आवाजात होल्ड करा म्हणते. म्हणून वाटतं, एक सकाळ तरी माझ्या मनासारखी शांत जावी.

अनंतचा फोन आला मुलुंडहून. (होणाऱ्या नवऱ्याला अहो म्हणायला अजून जीभ वळत नाही. इथे कोण वाचतंय!) त्याला माझी सगळी योजना सांगितली. पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवायचं. पाहुण्या बायकांचा चहा समोरच्या जयंतीकाकूंकडे. किल्ल्या ताईच्या कमरेला. बाबांना सामान घेऊन सकाळीच हॉलवर पाठवायचं, म्हणजे ते काही हरवणार नाहीत. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "ही तयारी लग्नाची आहे की आईची?"

मी म्हटलं, आईची. तो म्हणाला, मग झकास. मला हा माणूस आवडतो. झालं, लिहून टाकलं.

७ डिसेंबर, रविवार

लवूमामाबरोबर पार्ल्याला हॉल बघून आले. मामा आईचा धाकटा भाऊ, आरे कॉलनीत दुधाच्या गाडीवर असतो. हॉल पहिल्या मजल्यावर. आणि स्टेजच्या बरोब्बर समोर एक गॅलरी! दार उघडलं की स्टेज नीट दिसतं, मधे खांब नाही, काही नाही.

मी तिथेच उड्या मारायला लागले. मामाला कळेना. मग त्याला सांगितलं — हॉलची तुळस खाली आहे ना, असू दे खाली. आपण घरची तुळस इथे आणून ठेवायची! आई तुळशीला पाणीही घालेल आणि नुसती मान वळवली की लग्नही दिसेल. रीत मोडत नाही, कोणाचं काही जात नाही. मामा हसला, म्हणाला, "तू वकील होऊक व्हयी होतंस." डबा मी आणतो म्हणाला. आमची तुळस डालड्याच्या मोठ्या डब्यात आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

भटजी म्हणाले, तुळस कुठे ठेवायची ते शास्त्रात सांगितलेलं नाही. जिंकले!

आईला हे सांगितलं तेव्हा ती दारातल्या तुळशीलाच पाणी घालत होती. हातात तो जुना तांब्याचा तांब्या, वापरून वापरून काळा पडलेला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तांब्याच्या काळ्या पोटावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "त्या गॅलरीत ऊन असता काय त्या वेळाक?"

मी म्हटलं, नसतं, चांगली सावली असते.

"मगे बरा," म्हणाली.

बिचारी! उन्हात डोकं दुखतं तिचं. पण म्हणजे कबूल आहे ना! मला इतका आनंद झाला की तिला तिथेच मिठी मारली आणि तांब्यातलं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज मीच ओरडले. शांततेसाठी.

मामीचं म्हणणं, मुलीच्या घरी सकाळी आईने घावणे घालायलाच हवेत, नाहीतर पाहुणे काय म्हणतील. मी म्हटलं, पाहुण्यांना खारी-बटर मिळतील चहाबरोबर! आवाज एवढा चढला की जयंतीकाकू धावत आल्या. ताई दारात उभी राहून खो खो हसत होती. शेवटी आईनेच मामीला गप्प केलं. म्हणाली, पोरीच्या मनासारखं होऊ दे, माका पण जरा बसूक मेळात.

आई स्वतःहून बसायचं म्हणाली! चोवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

१३ डिसेंबर, शनिवार

हळद लागली, चुडा भरला. हिरवे हात घेऊन लिहितेय, कागदालाही थोडी हळद लागलीय. पिंपं भरली. किल्ल्या ताईकडे. सकाळचं दूध मामा आणणार, जाताना तुळसही नेणार. बाबांना दहा वेळा विचारलं, उद्या काय करायचं? दहाही वेळा बरोबर उत्तर दिलं. मग हळूच म्हणाले, "उद्या रडू आलं तर रडायचं की नाही, ते पण सांगून ठेव."

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ

अजून कोणी ओरडलेलं नाही!! पाणी आहे, गॅस आहे, बाबा हॉलवर गेले, पाहुण्या बायका काकूंकडे. घरात आम्ही तिघीच — आई, ताई, मी. चटईवर बसून सावकाश चहा प्यायलो. आईने बशीत ओतून, फुंकर घालत घालत प्यायला. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. केस विंचरून झालेत, नवं लुगडं नेसलीय, इतकी छान दिसतेय.

पण स्वस्थ बसेल तर ती आई कसली! कप ताईने काढून घेतला तशी उठली आणि आता मोरीत बसून चिंच लावून तांब्या घासतेय. नव्या लुगड्यानिशी! मी म्हटलं, आई, आजच्या दिवशी तरी हात रिकामे ठेव. ऐकते कुठे. घासतेय, धुतेय, परत घासतेय. असू दे. एवढं चालेल.

टॅक्सी आली. जाते!

१५ डिसेंबर, सोमवार

मुलुंड. सासरची सगळी दुपारची झोपलीत, म्हणून लिहायला मिळालं. लग्न झालं! मी सौ. झाले! सगळे चांगले आहेत, सासूबाईंनी मला माशाचं डोकं आग्रहाने वाढलं. सगळं मनासारखं झालं.

एक सोडून.

मामा मला स्टेजवर घेऊन आला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून गॅलरीकडे बघितलं. दार उघडं होतं, तुळस होती, आई होती. पण आमच्याकडे पाठ करून! तांब्या तोंडासमोर उंच धरून नुसती उभी. पाणीसुद्धा घालत नव्हती. दुसरं मंगलाष्टक झालं, तिसरं झालं, मान काही वळली नाही. मला वाटलं शेवटच्या "सावधान"ला तरी वळेल. नाही वळली.

अंतरपाट पडला. अक्षता नाकात जाऊन अनंतला शिंक आली, आणि त्याने हळूच शेल्याच्या टोकाने नाक पुसलं. ते फक्त मी पाहिलं, लोक तेव्हा टाळ्या वाजवत होते. मी हसले. पण आतून रडूच येत होतं. मी एवढं सगळं केलं, गॅलरी शोधली, तुळस नेली, मामीशी भांडले, आणि हिने पाठच केली. रीत मोठी, मी नाही. निघताना तिच्या गळ्यात पडून रडले, पण रागसुद्धा होता थोडा. आज लिहिताना अजून आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

मांडवपरतणीला घरी आले. तुळस परत दारात. आईला विचारलंच — पाठ का केलीस? ती आतून तांब्या घेऊन आली आणि माझ्या चेहऱ्यासमोर धरला. लखलखीत. त्यात माझं तोंड, लांबट, आणि माझ्या मागे खुर्चीत बसलेला अनंत.

"दिसलंस गो. जरा वाकडां, पण दिसलंस. जावयान शेल्यान नाक पुसल्यान, ता पण बघलंय."

मग विचारलं, ताईच्या लग्नातही असंच बघितलंस?

आईने तांब्या पदराने पुसला.

"तेवा घासूक सवड खंय गावली माका?"